गुंडाळलेलं जनुक बंद, सुटलेलं चालू? एवढं सोपं नाही

एक मजकूर सचित्र फिरतोय: ‘२ मीटर डीएनए केंद्रकात मावावा म्हणूनच तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. आधी रिळं, मग ३० नॅनोमीटरचा दोर, मग गुणसूत्र. गुंडाळलेली जनुकं बंद, सुटलेली चालू.’ लांबीचा आकडा बरोबर आहे. बाकीचं तपासू.

‘गुंडाळलेलं म्हणजे बंद.’ हीच खरी गफलत. एका न्यूक्लिओसोममध्ये, म्हणजे डीएनए गुंडाळलेल्या एका रिळात, डीएनएच्या सुमारे १४७ बेस-जोड्या (त्याच्या अक्षरांच्या जोड्या) आठ हिस्टोन प्रथिनांभोवती पावणेदोन वेढेही पुरते घेत नाहीत. तेही घट्ट नसतात. टोकं सेकंदाच्या काही शतांश भागापुरती आपसूक सुटतात, पुन्हा बसतात. तेवढ्यात एखादं प्रथिन डीएनएला धरू शकतं. टोकाजवळची जागा त्याला सहज मिळते, मधली क्वचित. म्हणजे प्रश्न बंद की उघडं असा नसून किती वेळा उघडं, असा आहे. फॉक्सए-सारखी ‘पायोनियर’ म्हणजे वाट उघडणारी प्रथिनं तर गुंडाळलेल्या डीएनएलाच चिकटतात. तसं नसतं तर पहिली वाट मोकळी कोणी केली असती? शिवाय चालू जनुकावरही न्यूक्लिओसोम असतातच. पॉलिमरेज हे विकर त्यांच्यातून वाट काढत प्रतिलेखन करतं, म्हणजे जनुकाची आरएनए-प्रत काढतं.

‘सुटलेलं म्हणजे चालू.’ फळमाशीचं एचएसपी७० जनुक बघा. त्याची सुरुवातीची जागा मोकळी असते, पॉलिमरेजही बसलेलं असतं, पण काही डझन बेस पुढे जाऊन अडून राहतं. उष्णता वाढली की काही मिनिटांत धडाक्यात प्रतिलेखन सुरू. दार उघडंच होतं, निघायची सूचना नव्हती.

‘३० नॅनोमीटरचा दोर.’ तो प्रामुख्याने परीक्षानळीत दिसला. २०१७ मध्ये मानवी पेशींच्या केंद्रकातच पाहिलं, तेव्हा ५ ते २४ नॅनोमीटर जाडीच्या वेड्यावाकड्या साखळ्या सापडल्या. चित्र सुबक आहे, एवढंच.

‘मावावा म्हणूनच.’ फक्त तेवढ्यासाठी नाही. घड्यांमुळे डीएनएचे दूरचे तुकडे शेजारीही येतात. हाताच्या घडणीत सोनिक हेजहॉग जनुकाला चालना देणारा तुकडा त्याच्यापासून सुमारे १० लाख बेस दूर, दुसऱ्याच जनुकाच्या आत आहे. त्यात बिघाड झाला तर जादा बोटं येऊ शकतात. पण म्हणून घडीलाच सर्वेसर्वा ठरवायचीही घाई नको. २०१७ मध्येच मानवी पेशींतलं कोहेसिन, म्हणजे डीएनएच्या घड्या धरून ठेवणारं प्रथिन, काही तासांत नष्ट करून पाहिलं. त्याने धरलेले लूप (डीएनएचे फासे) नाहीसे झाले, तरी बहुतेक जनुकांच्या प्रतिलेखनात तेवढ्या वेळात मोठा फरक पडला नाही.