‘काकां’चा टाइमपास: एका प्रतिक्रियेला उत्तर

घरच्या घरी ताकद कमावण्यावरच्या माझ्या लेखाखाली टोपणनावाने आलेली तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती इथे देतो: “काका, पाण्याच्या कॅननं आणि दप्तरानं ताकद येत नाही, टाइमपास होतो. पायांना वजन पुरत नाही, पाठीला ओढायचा व्यायाम नाही, वाढवत कसं न्यायचं ते नाही. जिमचे पैसे वाचवायचे आहेत, तर तसं सांगा ना.”

काका म्हणण्याला माझी ना नाही. गल्लीतली सगळी पोरं म्हणतात, आणि केस पाहता त्यांचं चूक नाही. पण ती पोरं काका म्हणून पुढे काहीतरी विचारतात. तुम्ही काका म्हणून बाजूला सारता. ‘तसं सांगा ना’मधला तो ‘ना’ कशाला? समोर बसून बोलत असता तर असं बोलला असता का? टोपणनावाआडून कुणीही पैलवान होतं, राजेहो.

बरं, ‘ताकद येत नाही.’ कशावरून? तुम्ही वाक्य फेकून मोकळे झालात, कारण दिलं नाही. मी देतो. स्नायूवर किती ताण पडला आणि सेट संपताना अंगात किती दम उरला, यावर वाढ ठरते. वस्तू दुकानातून आणली की स्वयंपाकघरातून, यावर नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात स्टुअर्ट फिलिप्स यांच्या गटाने २०१६ साली व्यायामाची सवय असलेल्या ४९ पुरुषांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांनी जड वजन ८ ते १२ वेळा उचललं, निम्म्यांनी हलकं वजन २० ते २५ वेळा. दोघांनीही आता एकही होणार नाही, इथपर्यंत. १२ आठवड्यांनी स्नायूंची वाढ दोन्हीकडे जवळपास सारखीच. बेंच प्रेसमध्ये, म्हणजे आडवं पडून छातीवरून वजन वर ढकलण्यात मात्र जड वजनवाले पुढे गेले, तेही सांगून टाकतो, म्हणजे लपवलं म्हणून पुन्हा यायला नको.

आता दप्तराचं. साध्या दंडात, म्हणजे तुमच्या भाषेत पुशअपमध्ये, अंगाच्या वजनाचा साधारण ६४ टक्के भार तळहातांवर येतो. ७० किलोच्या माणसाचे झाले जवळपास ४५ किलो. पाय दोन फूट उंचीवर ठेवले की तेच ७४ टक्क्यांच्या आसपास जातं, म्हणजे ५२ किलोच्या घरात. त्यावर पाठीवर दप्तर, दप्तरात तीन लाल विटा. माझ्या दप्तराचे पट्टे मी इथे नागपुरात बर्डीवरच्या एका मोच्याकडून दुहेरी शिवून घेतलेत. विटा जुन्या चादरीत घट्ट गुंडाळाव्या लागतात, नाहीतर खाली जाताना वीट सरकून तिचा कोपरा बरोबर मणक्यात रुततो. हे मला ठाऊक आहे, कारण मी ते करतो. मे महिन्यात इथे पारा ४५ पार गेला की पहाटे पाचलासुद्धा गच्चीची फरशी आदल्या दिवशीचं ऊन धरून असते. तळव्याखाली दुपट्टा घडी करून टाकतो आणि दंड मारतो. याला टाइमपास म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

माझे वडील इतवारीत हमाली करायचे. क्विंटलचं पोतं पाठीवर घेऊन गोदामाच्या पायऱ्या चढायचे. बारबेल त्यांनी आयुष्यात पाहिला नसेल. त्यांना सांगाल का, की ताकद येत नाही? आणि मी जिम पाहिलीच नाही, असा जो तुमचा समज दिसतो, तोही सोडा. गेलो होतो. नाव घेत नाही. तिथल्या पोराने पहिल्याच आठवड्यात पाठ गोल करून डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून जड बार उचलायचा व्यायाम, मारायला लावली, वर ‘येऊ द्या काका, येऊ द्या’ म्हणत राहिला. नंतर कंबर धरून घरी बसलो. त्याचाही सूर थोडाफार तुमच्यासारखाच होता.

आपल्याकडे व्यायाम यंत्रांबरोबर आला नाही, हेही एकदा ऐकून ठेवा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या मंडळींनी जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. दीडशे किलोमीटरवरचं हे ठाऊक नसताना आम्हाला शिकवायला येऊ नका.

एक मात्र मान्य. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत उतरायचं असेल तर बार हातात धरण्यावाचून इलाज नाही. ज्या हालचालीत जोर दाखवायचा, तीच हालचाल जड वजनाने घोटून पक्की करावी लागते. पण माझा लेख स्पर्धकांसाठी नव्हताच. दोन खोल्यांचं घर, सकाळी नळाची वेळ, संध्याकाळी पोरांचा अभ्यास, त्यातून अर्धा तास काढणाऱ्यांसाठी होता.

राहिलं पायांचं. एका पायावर सावकाश, पूर्ण खाली जाऊन बैठक मारा, पाठीला दप्तर ठेवून. मग वजन पुरतं की नाही ते बोलू. पाठीचं आणि वाढवत नेण्याचं मूळ लेखात आहे. वाचायचे कष्ट घ्या. दारात अडकवून लटकायच्या बारबद्दल दोन ओळीच आहेत म्हणाल, तर लेख आधीच लांबला होता.

आणि पैसे? हो, वाचवायचेच आहेत. त्यात लाज कसली? घरात दोन फिया भरायच्या असताना जिमची वर्षाची वर्गणी आगाऊ भरा, हे सांगायला मला नाही जमत. तुम्हाला जमत असेल तर भरा, तुमचं तुम्हाला लखलाभ.

खाली दोघीजणींनी गुडघे दुखत असताना बैठका कशा माराव्यात, हे नीट शब्दांत विचारलंय. त्यांना आज रात्री सविस्तर लिहितो. तुमच्याशी एवढंच.