मंगळवारी संध्याकाळी, शुद्धीत

आमच्याकडे पुरुषाला नाचायला कारण लागतं. वरात असावी आणि पोटात थोडी गेलेली असावी. गणपतीचं विसर्जन असावं. नाहीतर देव तरी असावा. माळेगावच्या जत्रेत खंडोबाचा वाघ्या नाचतो, दिंडीत साठीचे बापे टाळ घेऊन पावली खेळतात, लोक त्यांच्या पाया पडतात. पण मंगळवारी संध्याकाळी, पूर्ण शुद्धीत, ४३ वर्षांचा माणूस पायात घुंगरू बांधतोय म्हटल्यावर शेजाऱ्यांना शंका येते ती डोक्याची.

मी परभणीकडचा. सातवीत गॅदरिंगला नाचलो, टाळ्या मिळाल्या, दुसऱ्या दिवसापासून नाव पडलं ‘नाच्या’. घरी दादांनी, म्हणजे वडिलांनी, एक ठेवून दिली. त्यानंतर ३१ वर्षं लग्नात बँड वाजला की मी पंगतीत वाढायला पळायचो. वाढप्याला कुणी ओढून नेत नाही.

आता छत्रपती संभाजीनगरात, सिडकोत, कथक शिकतोय. बॅचमध्ये बाकी सगळ्या आठ-नऊ वर्षांच्या पोरी. "काका, डावा पाय!" असं त्याच ओरडतात. तीनतालाच्या १६ मात्रा. नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे रिकामी जागा, तिथं तबल्याचा डग्गा गप्प होतो, आणि नेमका तिथंच माझा पाय दाणकन आपटायचा. एकदा शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, राग कुणावर काढताय?" मी हसलो. येताना जळगाव रोडला गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास तसाच बसून राहिलो. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्यावर मी अजून चिडलेलो आहे, हे तोपर्यंत माझं मलाच माहीत नव्हतं.

नाट्यशास्त्रात स्थायीभाव, म्हणजे मनातले मूळ भाव, आठ सांगितलेत. आमच्या घरच्या बाप्यांकडे दोनच: क्रोध, आणि निवडणूक लागली की उत्साह. शोक, भय वगैरे बायकांच्या खात्यावर.

नाचानं आयुष्य बदललं छाप पोस्टींचा मला कंटाळा आहे. गुडघे दुखतात. पोट आहे तेवढंच आहे. चक्कर घेताना भिंत धरावी लागते. एवढंच झालं की क्लासच्या आरशासमोर पोट आत ओढून उभं राहणं सुटलं. (श्वास रोखून तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, होतही नाही म्हणा.) आणि विद्यापीठामागच्या लेण्यांत, सातव्या लेणीत एक नर्तकी आहे, भोवती वाद्यं वाजवणाऱ्या बायका. पाहुण्यांना दाखवताना दहादा बघितलेली. परवा गेलो तर पहिल्यांदा नजर गेली ती तिचा भार कोणत्या पायावर आहे तिकडं.

गेल्या महिन्यात माय गावाकडून आली. घुंगरू लपवायचे राहून गेले. तिनं उचलले, कानाशी हलवून बघितले.

"पोळ्याला तुझे दादा बैलाच्या घुंगरमाळा आदल्या रात्री स्वतः घासायचे. कुणाला हात लावू देत नव्हते."

मी काहीच बोललो नाही. तिनं गाठ ओढून बघितली.

"ह्याचा दोरा लई कच्चा हाय रे. सुई आन, नीट ओवून देते."