दारे उघडण्याआधी खिडक्या

कोविडमुळे मार्चपासून बंद असलेली प्रार्थनास्थळे पाडव्यापासून उघडणार ही बातमी शनिवारी, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच, सगळ्यांच्या फोनवर येऊन गेली होती. त्यामुळे रविवारी, १५ नोव्हेंबर २०२० च्या संध्याकाळी, आमच्या क्रुसाच्या कट्ट्यावर कोणी कोणाला बातमी सांगत बसले नाही. भांडणालाच थेट सुरुवात झाली. बोलणे अर्थातच आमच्या कादोडी बोलीत झाले, येथे ते प्रमाण मराठीत लिहितो आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातील आमच्या गावात या विषयावर ज्याला मत नाही असा माणूस त्या दिवशी शोधूनही सापडला नसता, आणि बस्त्यावकडे तर नेहमीप्रमाणे तीन माणसांना पुरेल एवढे मत होते.

"उद्या पहाटेच्या मिस्साला, चर्चमधल्या उपासनेला, मी पहिल्या बाकावर असणार," गळ्यातील स्कॅप्युलरशेजारी (पवित्र कापडी तुकड्यांच्या माळेशेजारी) बांधलेली कापराची पुडी हुंगत तो म्हणाला. "आठ महिने यांनी देवाला कुलूप लावून ठेवले. दारूची दुकाने मे महिन्यात उघडली, बार ५ ऑक्टोबरला उघडले, आणि चर्चने मात्र नोव्हेंबरपर्यंत वाट पाहायची!"

"मे महिन्यात ती दुकाने उघडली तेव्हा त्या रांगेत माझ्यापुढे कोण उभे होते, ते आज क्रुसासमोर सांगू का?" अनंतने विचारले. अनंत आमचा सामवेदी ब्राह्मण मित्र. त्याच्या घरचे देऊळही मार्चपासून बंदच होते, म्हणून या वादात बोलण्याचा त्याचा अधिकार आम्हा सर्वांना मान्य होता.

मोनिका कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, आमच्यापासून चांगली दहा फुटांवर बसली होती. ती तेव्हा मुंबईतील एका रुग्णालयात कोविड वॉर्डमध्ये परिचारिका होती आणि एप्रिलपासून तिने जे पाहिले त्याबद्दल ती फारशी बोलत नसे. "काका, देवाला कुलूप नव्हते, आपल्याला होते," ती शांतपणे म्हणाली. "बार उघडणे ही चूक होती असे म्हणा, मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण दुसऱ्याने एक चूक केली म्हणून आपल्याला तीच करण्याचा हक्क मिळतो, हे कोणत्या शुभवर्तमानात लिहिले आहे?"

बस्त्यावने मग तयारीची यादी ऐकवली: पायाने दाबायचे सॅनिटायझरचे स्टँड, ताप मोजायची बंदूक, दारात ओले पायपुसणे, बाकांवर फवारणी. या सगळ्यासाठी लोकांनी मनापासून पैसे दिले होते आणि त्यांच्या त्या भावनेला मी कधीही कमी लेखणार नाही. मोनिकाचे म्हणणे मात्र असे होते की आपण हात धुण्यात आणि फरशी पुसण्यात सगळी शक्ती घालवत आहोत, तर धोका मुख्यतः बंद खोलीतील हवेचा आहे आणि मोठ्याने गाण्याने तो अनेक पटींनी वाढतो. तिने अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातील माउंट व्हर्नन गावाचे उदाहरण दिले. तेथे १० मार्च रोजी एका चर्चच्या सभागृहात गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. दारात सॅनिटायझर ठेवले होते, कोणी कोणाला मिठी मारली नाही, आणि तरीही ६१ जणांपैकी ५३ जण आजारी पडले व दोघे दगावले.

आमचा गायकवृंद गेली वीस वर्षे बस्त्याव चालवतो. तो क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, "ते इंग्रजीत गात असतील."

सगळे हसले, मोनिकाही हसली. पण सरकारी नियमावलीत गायकवृंदाऐवजी ध्वनिमुद्रित गीते लावण्यास सांगितले होते, आणि माझ्या मते त्या सबंध कागदावरील ते सर्वांत शहाणपणाचे वाक्य होते.

त्याच कागदावर प्रसाद वाटू नये आणि पवित्र पाणी शिंपडू नये, असेही होते. "म्हणजे कम्युनियन हा प्रसाद झाला का?" बस्त्याव उसळला. "आमच्याकडे तीर्थही बंद आहे," अनंत म्हणाला, "आणि तू श्रावणात येऊन खातोस तो शिराही." या प्रश्नावर इतका वेळ गप्प बसलेल्या मास्तरांनी तोंड उघडले. ख्रिस्तशरीर स्वीकारणे हा मिस्साचा गाभा आहे, त्याला मिठाईच्या पुड्याच्या रांगेत बसवता येणार नाही, पण ते जिभेवरच घेतले पाहिजे हा हट्ट आजच्या घडीला धरता येणार नाही, असे ते म्हणाले. "डाव्या हाताचे उजव्या हातासाठी सिंहासन करा, ही शिकवण जेरुसलेमचे संत सिरिल यांच्या नावावर आहे आणि ती चौथ्या शतकातील आहे. फादर आधी हात स्वच्छ करतील, तुम्ही तळहात पुढे कराल, बाजूला सरकून मास्क खाली ओढाल, बस्स."

बस्त्यावने मग हुकमाचा पत्ता काढला: मिलानमध्ये १५७६ मध्ये प्लेग आला तेव्हा संत चार्ल्स बोरोमिओ अनवाणी मिरवणूक घेऊन रस्त्यात उतरले होते, ते घरात लपून बसले नव्हते.

"अर्धी गोष्ट सांगितलीस," मास्तर म्हणाले. "घराघरांत अडकलेल्या लोकांसाठी त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, म्हणजे लोकांनी आपापल्या खिडकीतून मिस्सा पाहावा. जेथे वेद्या होत्या त्या चौकांत पुढे क्रूस उभे राहिले. मुंबईच्या गावठाणांतही १८९६ च्या प्लेगच्या काळातले कितीतरी क्रूस आहेत. आज तू ज्या प्रकारच्या कट्ट्यावर बसून भांडतो आहेस, तो साथीच्या काळात उघड्यावर प्रार्थना करण्यासाठीच योग्य आहे."

हे ऐकताना मला आईची आठवण झाली. जुलैमध्ये ती गेली, तेव्हा दफनाला वीसच माणसे चालत होती आणि तिच्या महिन्याच्या मिस्साला मी फोनपुढे मेणबत्ती लावून बसलो होतो. मोनिकाच्या बाजूने असूनही चर्च उघडले पाहिजे असे मला मनापासून वाटत होते ते त्यामुळेच. पासष्टीच्या पुढच्यांनी घरीच राहावे हा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या बरोबर असेल, परंतु ज्यांचा दिवसच चर्चच्या घंटेने सुरू होतो त्यांनाच आपण तो देत होतो, आणि त्याच्या बदल्यात त्यांच्यासाठी काय करणार हे सांगत नव्हतो, हे मला सहन होत नव्हते. मी तसे बोललो, आणि प्रथमच बस्त्याव व मोनिका दोघांनी एकदम मान हलवली.

मग हिशेब झाला. बारा फुटांच्या बाकावर सहा फूट अंतर ठेवले तर दोन टोकांना दोघे आणि मध्ये एक, असे तिघे बसतील. एकाआड एक बाक रिकामे ठेवायचे म्हणजे ४८ पैकी २४ बाक उरतात, त्यावर ७२ माणसे. एरवी आमच्या एका रविवारच्या मिस्साला सातशे येतात. म्हणून आळीवार पाळ्या लावाव्यात, मिस्सा अर्ध्या तासात आटोपावा, मिस्सात एकमेकांना द्यायचे शांतिचिन्ह नमस्काराने द्यावे, आणि ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एकदा दुपारी चार वाजता मैदानातील आंब्याखाली वेगळा मिस्सा ठेवावा. त्या वेळी खारा वारा हमखास सुटलेला असतो.

"आणि आत?" मोनिकाने विचारले. "आत वारा कोठून येणार? पहाटेचा मतलई वारा पूर्वेकडून येतो, त्या भिंतीला एकही उघडणारी खिडकी नाही."

येथे जुने दुखणे वर आले. नूतनीकरणाच्या वेळी पूर्वेच्या सागवानी खिडक्या काढून तेथे रंगीत काचा कायमच्या बसवल्या गेल्या, आणि त्या समितीचा प्रमुख बस्त्याव होता. मास्तरांनी तेव्हा विरोध केला होता आणि त्यानंतर दोन वर्षे त्या दोघांचे बोलणे बंद होते. आताही मास्तरांचा आवाज चढला. काचेतून प्रकाश येतो, श्वास येत नाही, असे ते म्हणाले.

"काचा निघतील," बस्त्याव हळूच म्हणाला, "पण जुन्या खिडक्या आता कोठे मिळणार?"

"तुझ्या वाडीत," अनंत म्हणाला. "कोंबड्यांच्या खुराड्याला कोणाच्या खिडक्या आहेत?"

बस्त्याव आधी लाजला आणि मग इतका हसला की त्याला मास्क काढून खोकावे लागले. ते पाहून आम्ही सगळे कट्ट्यावरून उठून लांब पळालो. "कोणी घेत नव्हते म्हणून नेल्या," तो दुरून ओरडला. "एवढे सागवान जाळायचे होते का?"

"आठ महिने आम्ही घरात कोंडलेलो आणि तुमच्या कोंबड्या मात्र शास्त्रशुद्ध हवेत," मोनिका म्हणाली.

नाताळला त्या दिवसापासून नेमके ४० दिवस होते, आणि क्वारंटीन हा शब्द मुळात इटलीतील चाळीस दिवसांचाच आहे, हे मास्तर सांगत असतानाच सातची घंटा झाली. आम्ही उभे राहून प्रार्थना केली. मग मोबाइलच्या उजेडात, अंतर राखत, बस्त्यावच्या वाडीत गेलो. कोंबड्यांनी मोठा कल्ला केला. मोनिकाने विती टाकून चौकटी मोजल्या आणि मास्तरांनी आकडे लिहून घेतले. सहापैकी पाच खिडक्या शाबूत निघाल्या. सहावीची बिजागरी गंजली होती, आणि ती बदलून देण्याचे बस्त्यावने तेथेच कबूल केले.