ट्रॉनमध्ये ट्रॉन कुठाय?

भाचा आलाय मुंबईहून. काल जेवणं झाल्यावर म्हणाला, मामा, 'ट्रॉन: एरीज' लावूया. म्हटलं लाव, पण आधी १९८२ चा पहिला 'ट्रॉन' पिक्चर बघू. तर म्हणे, "अरे त्याचा दहा मिनिटांचा रिकॅप बघितलाय मी. तेवढा पुरे."

दहा मिनिटांचा रिकॅप! डोकंच फिरलं.

तो पहिला पिक्चर, कॉम्प्युटरच्या आत ओढल्या गेलेल्या माणसाचा, मी पाहिला तो गणपतीत, वेंगुर्ल्याच्या घरी. चुलतभावाने कुडाळातून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीपुरता भाड्याने आणला होता. दोन हिंदी पिक्चर झाले, मोठी माणसं जागच्या जागी लवंडली, आणि दोनच्या सुमारास ही कॅसेट लागली. इंग्रजी एकालाही कळत नव्हतं. काळ्या कुळकुळीत पडद्यावर उजेडाच्या मोटरसायकली, मागे भिंत सोडत जाणाऱ्या, आणि वळायच्या त्या थेट काटकोनात. शर्यत ऐन रंगात आली आणि लाईट गेली.

गणपतीपुढच्या समईचा तेवढा उजेड. पोरांनी गलका केला. तेव्हा आप्पाकाका उठून बसले. ते दशावतारात राजपार्ट करायचे, आवाज खणखणीत. म्हणाले, "गप ऱ्हवा रे, फुडचा मी सांगतंय. तो मोटरसायकलवालो तारेतना भायर इलो. म्हणान लाईट गेली."

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे भाताच्या मेरेवरून काटकोनात वळत पळत होतो. दोघे चिखलात पडले, आईने माझी पाठ सडकली.

सांगायचं काय, तर तो पिक्चर करणाऱ्यांकडे आजच्या साध्या मोबाईलएवढाही कॉम्प्युटर नव्हता. निव्वळ कॉम्प्युटरवर केलेला भाग जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा. बाकी नट काळ्या सेटवर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये शूट केले आणि मग एकेक फ्रेम हाताने, मागून उजेड सोडून रंगवली. आणि ऑस्करवाल्यांनी इफेक्ट्सचं साधं नामांकनही दिलं नाही. कॉम्प्युटर वापरणं म्हणजे लबाडी, असं तेव्हा वाटायचं म्हणून, हे दिग्दर्शक स्टीव्हन लिसबर्गरच सांगतो. लबाडी!

मग २८ वर्षं डिस्नेने पेटी माळ्यावर टाकली. २०१० ला 'लेगसी' काढला, डाफ्ट पंकच्या संगीतावर निभावला. मग परत १५ वर्षं सामसूम. आणि आता हा. यात सगळं आहे, जॅरेड लेटो आहे, चकचकाट आहे, फक्त ट्रॉन नाही, म्हणजे पहिल्या पिक्चरमधला तो लढवय्या प्रोग्रॅम. अहो, ज्याच्या नावाने पिक्चर आहे तोच नाही! गणपती न आणता नुसती आरास बघायला लोकांना बोलवावं तसं. नाव जुन्याचं, कारण नाव विकतं. आमच्यासारखे येडे येणारच बघायला, हे त्यांना पक्कं ठाऊक.

बरं, नाइन इंच नेल्सचं संगीत चांगलं आहे. दिलं तेवढं.

आणि कथा काय? तर एरीज नावाचा कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बाहेर आपल्या जगात येतो. २९ मिनिटं टिकतो, मग भुगा होऊन पडतो. मी टुणकन उठून बसलो. अरे, हे तर आमच्या आप्पाकाकांनी समईच्या उजेडात फुकटात सांगितलं होतं! तेही दहावी नापास माणसाने.

पण एक आहे. मध्येच तो एरीज जुन्या ग्रिडमध्ये, म्हणजे पहिल्या पिक्चरमधल्या कॉम्प्युटरच्या आतल्या जगात जातो. तोच काळा पडदा, तीच जुनी मोटरसायकल, आणि समोर पहिल्याचा हीरो, म्हातारा झालेला जेफ ब्रिजेस. तिथे मात्र माझी बडबड थांबली. भाच्याने माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. पिक्चर संपल्यावर स्वतःच म्हणाला, तो पहिला लाव. शेवटपर्यंत बघितला पठ्ठ्याने, साडेतीन वाजेपर्यंत, मोबाईल एकदाच हातात घेतला.

त्याला आप्पाकाकांचं सांगितलं. तर विचारतो, "मग लाईट आल्यावर तो आत परत गेला, की गावातच राहिला?"

लाईट आली तेव्हा आम्ही सगळे झोपलो होतो. काकांना आता कमी ऐकू येतं, फोनवर काही उपयोग नाही. शिमग्याला जाईन तेव्हा विचारतो.