तिथं तू असतीस की

आमच्या घरच्या ग्रुपवर दोन महिने एकच वाद चाललाय: आईला स्मार्ट घड्याळ घ्यायचं की नाही. आई कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, एकटी राहते. बहीण पुण्यात, मी जर्मनीत श्टुटगार्टला. मावसभाऊ म्हणतो, ‘ताई, हातात घड्याळ असलं की मावशी पडल्या पडल्या तुला तिथं कळेल. ठोके, झोप, पावलं, सगळं दिसेल. तुझ्या जिवाला शांतता.’ मामांचं म्हणणं, आमच्या आया काय घड्याळं बांधून म्हाताऱ्या झाल्या? मी बरेच दिवस गप्प होते, कारण यातला एक प्रयोग मी आधीच करून बसले आहे.

मागच्या वर्षी आई न्हाणीत पडली. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. दूध घालणारा पोरगा कडी वाजवून वाजवून थकला, तेव्हा त्यानं शेजारच्या काकूंना हाक मारली. तोवर आई पाऊण तास ओल्या फरशीवर होती. मला कळलं ते दुपारी. त्याच रात्री मी कॅमेरा मागवला आणि भाच्याकडून सोप्यातल्या कपाटावर बसवून घेतला.

कोल्हापुरात सकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात इथे रात्रीचे अडीच असतात. आई उठून सोप्यात आली की माझ्या उशाशी फोन थरथरायचा, ‘हालचाल आढळली’. मी डोळे चोळत बघायचे: आई दार उघडतेय, उंबऱ्यावर पाणी घालतेय, तुळशीकडे जातेय. बरं वाटायचं आणि परत झोप यायची. अंघोळीनंतर केस मोकळे सोडून सोप्यातल्या खाटेवर बसायची तिची जुनी सवय. फणीत अडकलेले केस बोटाभोवती गुंडाळून ती छोटा गोळा करते आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते. लहानपणापासून पाहिलेलं ते सगळं मला हजारो मैलांवरून पुन्हा दिसत होतं, आणि मी सुखावले होते.

मग खाट रिकामी दिसायला लागली. चार दिवस, आठ दिवस. मी फोन केला. ‘आई, सोप्यात बसत नाहीस काय?’

‘स्वयंपाकघरात बसतो आता.’ (आमच्याकडे बायकाही ‘मी बसतो’, ‘मी गेलो’ असंच म्हणतात.)

‘का गं?’

‘तिथं तू असतीस की.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. मला शांत झोप मिळावी म्हणून माझी आई स्वतःच्या घरातली स्वतःची खाट सोडून चुलीपाशी जाऊन बसली होती. शिवाय ती पडली होती न्हाणीत. कॅमेरा होता सोप्यात. ज्या भीतीपोटी तो बसवला, त्या भीतीवर त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

तेव्हापासून कुठल्याही स्मार्ट वस्तूबद्दल मी आधी एवढंच विचारते: यातून शांतता कुणाला मिळते, आणि ती कुणाच्या पदरची जाते?

मी मामांच्या बाजूची नाही. जुलै २०२१ च्या पुरात फोन नसता तर मला वेड लागलं असतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे आकडे आमच्या पेठेत पोरांनाही पाठ असतात. पाणी ४३ च्या वर गेलं आणि चढतच राहिलं. दर तासाला कुणी ना कुणी फूट-इंच ग्रुपवर टाकत होतं. त्यावरून बहिणीनं आणि मी ठरवलं, आईला पाणी गल्लीत शिरायच्या आत मामांकडे हलवायचं, आणि हलवलं. त्या एका आकड्यानं आईचाही जीव शांत झाला, माझाही. गरज होती तेव्हा आम्ही विचारलं आणि उत्तर मिळालं. नदी उतरल्यावर तो आकडा कुणाच्या उशाशी थरथरत राहिला नाही.

इथल्या रविवारबद्दल मला नेहमी विचारतात. दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेच्या बाटल्या टाकायच्या टाकीत त्या दिवशी बाटलीसुद्धा टाकायची नाही. ही नुसती रीत नाही. रविवार हा कामापासून विसाव्याचा दिवस म्हणून १९१९ च्या वायमार राज्यघटनेत संरक्षित झाला आणि १९४९ च्या घटनेनं ते कलम तसंच पुढे चालू ठेवलं. मला त्यातलं आवडतं ते हे की किंमत सगळे मिळून मोजतात. दुकानदाराचा गल्ला बुडतो, माझं दूध संपलेलं असलं तरी सोमवारपर्यंत थांबावं लागतं, आणि म्हणून गल्ल्यावरच्या बाईलाही तिच्या पोरांबरोबर जेवता येतं. अर्थात याच रविवारी माझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींकडे दिवसभर कुणी फिरकत नाही. आपल्याकडे गल्लीत गोंगाट असेल, पण ‘जेवलीस काय’ विचारल्याशिवाय कुणी दारावरून पुढे जात नाही. हा रविवार उचलून कोल्हापुरात ठेवावा असं मला वाटत नाही.

ठेवायची गरजही नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये गावापुरता उपाय काढला. कोरोनाच्या काळात ऑनलाइन शाळेमुळे पोरांच्या हाती आलेला मोबाईल सुटेना, म्हणून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजवायचा आणि दीड तास घराघरांत टीव्ही, मोबाईल बंद ठेवायचे. आया मालिका सोडून बसल्या, म्हणून पोरं गेम सोडून अभ्यासाला बसली. पोराच्या हातून मोबाईल काढून घ्यायचा आणि आपण स्क्रोल करत बसायचं, असल्या घरात शांतता कशी येणार? आणि खुद्द कोल्हापूरनं ६ मे २०२२ ला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता शंभर सेकंद स्तब्ध उभं राहून दाखवलंय. मी त्याचा व्हिडिओ इथे ऑफिसात पाहिला आणि डोळे भरून आले. आपलं गाव थांबू शकतं.

नोकरदारांचंही तेच. फ्रान्समध्ये कामाची वेळ संपल्यावर ऑफिसच्या निरोपांपासून मोकळं राहण्याचा हक्क २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी तसं खाजगी विधेयक २०१८ मध्येच लोकसभेत मांडलं होतं. माझी बहीण रात्री अकरापर्यंत साहेबाच्या मेसेजला ‘हो सर’ लिहीत असते आणि सकाळी ध्यानाचं ॲप लावते. साहेबाची शांतता तिच्या रात्रीतून जाते, ॲपनं ती कशी भरून निघेल?

पुन्हा घड्याळाकडे येते. खालच्या मजल्यावरच्या त्या आजींच्या मनगटावर एक लाल बटण आहे. इथे बऱ्याच म्हाताऱ्या माणसांकडे असतं. दाबलं की मदत केंद्राशी बोलणं सुरू होतं आणि घरातल्या यंत्रातून आवाज येतो, ‘काय झालं?’ न दाबल्यास त्या काय करतात, कधी झोपतात, हे त्या बटणातून कुणाला कळत नाही. बटण त्यांच्या हातात आहे, त्यांच्या लेकीच्या नाही.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं: घड्याळ घेऊया की नको, हे आईला विचारा. दोन महिन्यांत ते कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा. आई म्हणाली, माझे ठोके पोरींनी मोजत बसायला मी काय दवाखान्यात आहे काय? पण बटणाची गोष्ट तिनं दोनदा ऐकून घेतली.

गणपतीत गेले तेव्हा कॅमेरा काढला. बाजारातून दाराची साधी बिनतारी बेल आणली. तिचं बटण न्हाणीत, आई खाली बसली तरी हात पोहोचेल इतक्या उंचीवर लावलं, आणि बेल भिंतीपलीकडे काकूंच्या स्वयंपाकघरात. मी परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आईनं ती दाबून बघितली. काकू भाकरीच्या पिठाचे हात घेऊन तशाच धावत आल्या, आईला धडधाकट उभी बघून रागावल्या, आणि मग दोघी सोप्यातल्या खाटेवर चहा घेत बसल्या. मला हे संध्याकाळी कळलं, आईनं फोन केला तेव्हा.