‘बाई स्वस्त पडते, तर सगळीकडे बायकाच का नाहीत?’

एक मजकूर फिरून फिरून माझ्यापर्यंत येतो. त्याचा गोषवारा असा: “समान वेतनाचे कायदे केव्हाच झाले. उरलेली तफावत बायकांच्या निवडीची. त्या हलकी क्षेत्रं घेतात, कमी तास भरतात, मूल झालं की आपणहून मागे सरतात. आणि बाई खरंच स्वस्तात मिळत असती, तर नफ्याला हपापलेल्या कंपन्यांनी पुरुष ठेवलेच कशाला असते?”

एक गोष्ट आधीच मान्य करते. सगळ्या बायकांची आणि सगळ्या पुरुषांची सरासरी कमाई शेजारी ठेवून जो आकडा निघतो, तो ‘त्याच कामाला कमी पगार’ याचा पुरावा होत नाही. आमच्या बाजूचेही तो तसा फेकतात, आणि चुकतात. पण ही तफावत येते कुठून हे बघायला गेलं, की मजकूर उसवायला लागतो.

कायद्याचं पटकन उरकते. ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा १९७० सालचा. तरी २०१७ पासून अडीचशे किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना तफावतीचे आकडे जाहीर करायला लावावे लागले. शेजारच्या टेबलावरच्याचा पगार माहीतच नसेल, तर बाई दाद मागणार कशाच्या जोरावर?

हलक्या क्षेत्रांचं म्हणाल, तर ती हलकी ठरवतं कोण? १९४६ साली जगापुढे आलेल्या एनिॲक संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा बायकांनी केलं. तेव्हा ते जवळजवळ कारकुनी काम समजलं जाई. पुढे त्यात पैसा आणि मान आला, आणि चेहरे पुरुषांचे झाले. उलटही घडतं: अमेरिकेच्या १९५० ते २००० च्या जनगणनांवरून केलेल्या अभ्यासात दिसलं, की एखाद्या व्यवसायात बायकांचं प्रमाण वाढलं की तिथला मोबदला घसरतो, शिक्षण आणि कौशल्य हिशोबात धरूनही.

आता ‘निवड’. हा शब्द मला सगळ्यात जास्त खुपतो. शिकागो विद्यापीठातून एमबीए झालेल्यांचा माग बर्ट्रँड, गोल्डिन आणि कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी काढला (२०१०). सुरुवातीला बाई-पुरुषांचे पगार जवळपास सारखे होते. दहा-पंधरा वर्षांत मोठी दरी पडली, आणि तिचं मुख्य कारण मुलांमुळे पडलेला खंड आणि कमी झालेले तास. डेन्मार्कमध्ये पहिल्या मुलानंतर आईची कमाई दीर्घकाळ सुमारे २० टक्के मागे राहते. बापाच्या आलेखावर मूल झाल्याची खूणसुद्धा सापडत नाही.

माझ्यापुरतं सांगायचं, तर शाळेच्या अर्जावर पहिला नंबर नवऱ्याचा आहे, दुसरा माझा. मूल तापलं की फोन मला. एकदा विचारलं, तर उत्तर आलं, “बाबा कामात असतील ना.” मी तेव्हा सादरीकरणाच्या सातव्या स्लाइडवर होते. पुढच्या स्लाइड सहकाऱ्याने दाखवल्या. वर्षाच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे आलं, ‘उपलब्धता कमी’. यात निवड कुणी केली, हे मजकूर लिहिणाऱ्यानेच सांगावं. (नवऱ्याने नंतर शाळेला कळवलं. फोन अजून मलाच येतो.)

राहिला नफ्याचा हुकमी एक्का. ऐकायला बिनतोड वाटतो, पण त्यात एक गृहीतक दडलंय: नेमणाऱ्याला दोघांची लायकी सारखी दिसते. २०१२ साली अमेरिकेतल्या विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी अर्ज दाखवले गेले. अर्ज अक्षरशः एकच. फक्त काहींवर नाव जॉन, काहींवर जेनिफर. जॉन जास्त सक्षम ठरला. त्याला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर देऊ केले गेले, तिला २६,५०८. प्राध्यापिकांनीही तसंच केलं. यातल्या कुणालाही आपण चांगला माणूस स्वस्तात उचलतोय असं वाटलं नसणार. त्यांच्या लेखी जेनिफरला तिच्या लायकीइतकंच मिळत होतं.