पहाटे साडेपाचची सभा

सोसायटीच्या कागदपत्रांचा पेनड्राइव्ह 'जरा नीट लावून दे' म्हणून माझ्या गळ्यात पडला, कारण मी 'कॉम्प्युटरमधला'. (नळवाल्याला नळाचे पैसे मिळतात. असो.) फाइली लॅपटॉपवर घेतल्या, तर सगळ्या इतिवृत्तांवर तारीख एकच: १ जानेवारी १९७०, सकाळचे ५.३०.

खांद्यावरून डोकावणारे तळमजल्याचे काका ताठ झाले.

"पहाटे साडेपाचला सभा? कोरम कुठून आला?"

"काका, कॉम्प्युटर त्या दिवसापासून सेकंद मोजतो. फाइलची तारीख हरवली की शून्य उरतं. ग्रिनिचच्या प्रमाणवेळेने तेव्हा मध्यरात्र, म्हणून आपल्याकडे साडेपाच."

"ग्रिनिचचा काय संबंध? आपण मुलुंड पूर्व! सत्तर साली इथे मिठागर होतं. मिठागरात सूचक कोण, अनुमोदक कोण?"

शेवटी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडलं. फाइलची तारीख बदलणारी आज्ञा 'टच', हायफन टी, २०२३०८१३११०० आणि पुढे फाइलचं नाव. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिटं, सलग. एंटर मारलं आणि सभा १३ ऑगस्ट २०२३ ला, रविवारी सकाळी ११ वाजता जाऊन बसली. वाटलं, आता तरी शाबासकी मिळेल.

काकांनी चष्मा काढला. "म्हणजे हे कोणीही करू शकतं?"

"हो."

"मग ही बनवाबनवीच की रे!"

पुढे ऑडिटर, उपनिबंधक, पोलीस, सगळे येऊन गेले. चहा मात्र माझ्याच घरचा. मी सांगत होतो, ही फक्त वरची तारीख. आत 'सीटाइम' म्हणून आणखी एक असते. फाइलमध्ये काहीही बदललं की ती आपोआप आजची होते, टचला ती मागे नेता येत नाही. ऐकतंय कोण! सभेची खरी तारीख तर पहिल्याच पानावर छापलीय, खाली सचिवांची सही. पण ते पान उघडायचं म्हणजे वाचावं लागतं. आमच्याकडे इतिवृत्त वाचण्यापेक्षा त्यावर भांडणं सोपं पडतं, आणि भांडणाला फुकटचा हमाल लागतो, तो मी.

रात्री बेल वाजली. काकाच. आवाज एकदम खाली.

"अरे, माझा पार्किंगचा अर्ज तिसऱ्या मजल्याच्या आधीचा आहे. म्हणजे असायला हवा. तेवढं तुझं ते टचबिच..."

"काका, सीटाइम आजचा दिसेल."

"दिसू दे की! तो बघायला कमिटी तुलाच बोलावणार ना?"